त्र्याऐंशी घातल्या, ब्याऐंशी निघाल्या

३ फेब्रुवारी

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहायचे की नाही यात दोन दिवस गेले. चौदा वर्षं पत्र नाही आणि एकदम आशीर्वाद, म्हणजे तुला वाटणार ताईला काहीतरी हवंय. तर हवंयच. आधी काम सांगते, आशीर्वाद नंतर बघू.

तुझं ते युनिक्सचं मशीन अजून चालू आहे. रंगखोलीच्या शेजारच्या खोलीत, त्याच टेबलावर, तोच पिवळ्या अक्षरांचा पडदा. रोज सकाळी मी छटेचा नंबर देते आणि दहा किलो सुताला कुठला रंग किती ग्रॅम लागेल ते ते मला सांगतं. चार हजार तीनशे बारा छटा आहेत त्यात. बाबांच्या सगळ्या, आणि तू घरात असेपर्यंतच्या माझ्या. त्यानंतरच्या मी वहीत लिहिते, कारण नवीन छटा आत कशी घालायची ते तू सांगून गेला नाहीस आणि मी विचारलं नाही.

महिनाभरापूर्वी त्याची डिस्क कण्हायला लागली. कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस आला, झाकण उघडून त्याने आतली धूळ बघितली, दोनदा शिंकला आणि म्हणाला, "मावशी, हे संग्रहालयात द्या." मी म्हटलं, "मलाही घेतील का तिथे?" मग तो जरा गंभीर झाला. डिस्क फार तर तीन महिने टिकेल, आणि एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, म्हणाला. त्या दिवसापासून मी बटणावर पुठ्ठा बांधून ठेवलाय. कोणी हात लावलाच तर त्याची खैर नाही.

छटा बाहेर काढायचे सगळे उपाय करून झाले. टेपच्या खोबणीतलं रबर वितळून त्याचा डिंक झालाय. फ्लॉपी ते वाचतं, पण लिहीत नाही. प्रिंटर तर तुझ्या डोळ्यांदेखतच गेला होता. हाताने उतरवून घेऊ म्हटलं तर दिवसाला साठ होतात, आणि परवा मी दशांशचिन्ह एक घर चुकीचं लिहिलं. चाळीस किलो सूत फिक्कट निळं व्हायचं, ते डबक्याच्या रंगाचं झालं. बॉयलरवाले काका म्हणाले, "ताई, बेडकांची ऑर्डर होती का?"

आता हसतेय, पण गोष्ट हसण्यासारखी नाही. वीस वर्षांपूर्वीचा रंग आज तसाच्या तसा मिळतो म्हणून लोक आपल्याकडे येतात. त्या छटा गेल्या तर कारखाना गेला आणि काकांना धरून अकरा माणसं घरी बसली. आणि बाबांच्या हट्टापायी तू त्या फायली कुलूपबंद करून ठेवल्यास, त्या तुझ्याशिवाय कोणाला उघडता येत नाहीत.

ये म्हणत नाही. या घराचा उंबरठा ओलांडणार नाही असं तू म्हणाला होतास आणि बाबा गेले तेव्हाही फाटकापाशी उभा राहून परत गेलास. एवढं मला कळतं. पण दुसरी काही वाट असेल तर कळव. नुसतं नाही म्हणालास तरी चालेल, पण लिही.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

पाकीट मिळालं. पाच फ्लॉप्या आणि एक कागद. कागदावर ना 'प्रिय', ना 'ताई', ना 'बरी आहेस ना'. एकदम 'क्रमांक एक: मी येणार नाही'. क्रमांक दोन: 'पासवर्ड पत्रात लिहायचा नसतो.' वा रे वा, बहिणीला पत्र लिहायचं नसतं हे माहीत होतं, हे नवीन कळलं. क्रमांक तीन मात्र मी चारदा वाचला. 'मशीन नेटवर्कला जोड. मी इथून त्याच्या आत येतो आणि फायली काढून देतो.'

म्हणजे उंबरठा तसाच राहणार आणि तू तारेतून आत येणार. वकील व्हायला हवा होतास.

तू लिहिलंयस की या मशीनला नेटवर्क कशाशी खातात ते माहीत नाही, कंपनी त्याचं सॉफ्टवेअर वेगळं विकायची आणि आता ती कंपनीच राहिली नाही. म्हणून हे फुकटचं. कोणाकोणाला हौस आली, त्यांनी लिहिलं, सुधारलं आणि जगाला वाटून टाकलं. मी काकांना हे सांगितलं तर ते मान हलवत राहिले. आपल्या धंद्यात रंगारी सख्ख्या जावयाला छटा सांगत नाही, आणि ही माणसं इतका खटाटोप करून वर लिहितात, 'घ्या, वापरा, चूक सापडली तर कळवा.' मला ती माणसं फार आवडली. त्यांच्यातला एक जण आपल्या घरात जन्मला होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर मी आता शिकतेय. एकसष्टाव्या वर्षी. तुझी ती जाड पुस्तकं कपाटातून काढली, त्यांत झुरळांनी अंडी घातली होती, ती झटकली. फाइल कशी बघायची ते येतं. एका जागेवरून दुसरीकडे हलवता येते. पुसताही येते, ते मी चुकून शिकले. घाबरू नकोस, तुझी नव्हती.

आधी तार. तू म्हणतोस मशीनच्या मागच्या सिरियल पोर्टातून तार काढून नव्या लॅपटॉपला लावायची, लॅपटॉप पुढे बाहेरच्या जगाला जोडलेला असेल. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईंनी तार बनवून दिली. लावली. काहीच नाही. मशीन गप्प, लॅपटॉप गप्प. बाईंनी येऊन बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "अहो, दोघांचंही तोंड एकाच तारेला लावलंय. दोघं बोलतायत, ऐकतंय कोण?" दोन तारा उलटसुलट केल्या आणि लॅपटॉपवर मी टाइप केलेलं 'अ आ इ' तिकडे कचरा होऊन उमटलं. मराठी त्याला येत नाही. मग एबीसी टाइप केलं, ते नीट आलं. मी बाईंना मिठी मारली, त्यांच्या हातात तापलेली सोल्डरिंगची काडी होती. थोडक्यात वाचलो दोघी.

पुढचं सांग. आणि या वेळी एखादं वाक्य कामाचं नसलं तरी चालेल.

ताई


९ मार्च

धाकट्या,

तुझ्या दुसऱ्या कागदाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'वन्सं, हे तुमची पत्रं दोनदा वाचतात. मी सांगितलं हे त्यांना सांगू नका.' तिने सांगू नको म्हटलंय म्हणून सांगतेय. तुझी बायको मला न बघताच आवडली. तिला आशीर्वाद. तुला अजून नाहीत.

आता कामाचं. पाचही फ्लॉप्या वाचल्या, फायली उतरल्या. तू सांगितल्याप्रमाणे हुकूम दिला आणि मशीन सगळ्या फायली एकेक करून शिजवायला लागलं. कंपाइल करणं म्हणतोस ते तू, मी शिजवणं म्हणते. सुट्टीचा दिवस निवडला होता, म्हणजे मोटारी बंद आणि वीज सगळी त्याला. सकाळी नऊला सुरू केलं. पडद्यावर एक ओळ यायची, मग दोन-तीन मिनिटं कुरकुर, मग दुसरी. मी समोर खुर्ची टाकून सूत उकलत बसले. काका सुट्टी असून आले. म्हणाले, घरी बायको काम सांगते, इथे निदान मशीनला सांगते. दर ओळीला ते "झालं का?" विचारायचे. एक वाजता शेवटची ओळ आली आणि तिच्याखाली तक्रारींची रांग लागली. हे नाही, ते सापडत नाही, अमुक दोनदा आहे, तमुक एकदाही नाही. आम्ही दोघं असे बसलो की जणू पंगत मांडली आणि वरण करपलं.

तक्रारी सगळ्या उतरवून सोबत पाठवल्या आहेत, चार पानं. तू तिकडे आरामखुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतोयस, पण हाक बाबा. शेळ्यांची तक्रार नाही.

डिस्कचा आवाज वाढलाय. परवा एक छटा मागितली तर दोनदा मागावी लागली.

ताई


२४ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. तू म्हणतोस चार पानं तपासली, मध्ये ज्या तीन सुधारणा करून बघायला सांगितल्या होत्या त्यांचाही उपयोग झाला नाही, मशीन फारच जुनं आहे, होणार नाही, सोड. जमेल तेवढ्या छटा हाताने उतरवून घे.

उतरवतेय. काल बेचाळीस झाल्या.

आणि शेवटी तू लिहिलंयस, 'हेच सॉफ्टवेअर, याचीच जुनी आवृत्ती, मी तेव्हा त्याच मशीनवर बसवत होतो. अकरा तास झाले होते. वीज गेली नसती तर तेव्हाच झालं असतं आणि तुला आज हे करावं लागलं नसतं.'

ते नेटवर्क होतं हे मला माहीत नव्हतं. तू काय करतोयस हे तू सांगायचास आणि मी ऐकायचे नाही.

हवा चांगली आहे. काकांचा गुडघा बरा आहे. बाकी ठीक.

ताई


३० मार्च

धाकट्या, धाकट्या, धाकट्या,

बस. उभा असशील तर बस. वाचतोस उभ्याने असं मला वाटतं. चूक सापडली! तुला नाही सापडली, त्या चार पानांत नव्हतीच ती. मला सापडली, आणि कशी सापडली ते नीट ऐक, कारण हे मी आता दहा वर्षं सांगत फिरणार आहे.

मंगळवारी जांभळ्याची भट्टी होती. तुला आठवत असेल, लड्या टाकीत सोडताना मोजायच्या आणि बाहेर काढताना मोजायच्या. एखादी तळाला गुंतून बसली की तिचा रंग जळतो आणि तिच्यामुळे पुढची भट्टी बिघडते. बाबा म्हणायचे, रंग कसाही येवो, आधी मोज. तर लड्या मोजता मोजता माझ्या मनात आलं, त्या फायली मी मोजल्याच नाहीत. रंगाऱ्याची पोर ना मी? मशीनसमोर बसले आणि हातचं सोडून दिलं.

हात पुसून आत गेले. तुझ्या पहिल्या कागदासोबत आतल्या फायलींची छापील यादी होती. बोट ठेवून मोजल्या. त्र्याऐंशी. मग पडद्यावर मशीनमधल्या मोजल्या. ब्याऐंशी. चहा घेतला, पुन्हा मोजल्या. ब्याऐंशी. काकांना बोलावलं, त्यांनी मोजल्या, एकोणऐंशी. त्यांना परत बॉयलरवर पाठवलं.

त्र्याऐंशी घातल्या, ब्याऐंशी निघाल्या. मग यादी आणि पडदा शेजारी धरून एकेक नावावर खूण केली. आणि दिसलं. दोन फायलींची नावं लांबलचक आहेत आणि सुरुवातीची चौदा अक्षरं दोन्हींची सारखीच, फरक पडतो तो त्यानंतर. आणि तुझ्या पुस्तकात झुरळांनी सोडलेल्या भागात स्पष्ट छापलंय की हे मशीन नावातली पहिली चौदा अक्षरंच धरतं, बाकीची टाकून देतं. म्हणजे पहिली फाइल उतरली, मग दुसरी उतरली ती पहिलीच्याच जागेवर. पहिली बिचारी पुसली गेली आणि मशीन चकार शब्द बोललं नाही. मग दुसरीच दोनदा शिजत होती. म्हणून हे दोनदा आहे आणि ते एकदाही नाही!

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही उंटावरून.

मी इतक्या जोरात ओरडले की काका फावडं घेऊन धावत आले. त्यांना वाटलं चोर. मग दोघं मिळून ओरडलो. लॅपटॉपवर दोन्ही फायलींची नावं आखूड केली, ज्या फाइलमध्ये शिजवण्याचा क्रम लिहिलाय तिथेही बदलली, रेडिओवाल्या बाईंनी दिलेला फ्लॉपी ड्राइव्ह लावून फ्लॉपी नव्याने भरली. येत्या सुट्टीला पुन्हा भट्टी लावतेय.

आता दुसरं. हे मी याच पत्रात लिहितेय, कारण आनंदात असतानाच मला ते जमेल. गेल्या पत्रात जमलं नाही, हवेबद्दल लिहिलं.

त्या दिवशी वीज गेली नव्हती. मी बटण बंद केलं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. तू जेवायला आला नव्हतास, बाबा दुपारभर तुझ्याच खोलीत होते. सुताचा एक व्यापारी आला होता, त्याला बाबा दारात उभे राहून सांगत होते, "पोराने सगळे रंग मशीनमध्ये घातले. आता पोरीच्या नजरेवर अवलंबून राहायला नको." मी आत टाकीपाशी होते, त्यांना दिसत नव्हते. वीस वर्षं मी डोळ्यांनी रंग जुळवले, धाकट्या. तेवढीच एक गोष्ट मला येत होती. तू हात धुवायला बाहेर गेलास. मी आत आले आणि बटण खाली केलं, आणि पाच मोजून पुन्हा वर केलं. मग तू आलास, आणि मी म्हणाले, "वीज गेली होती रे."

मला वाटलं होतं तू चिडशील, पुन्हा सुरू करशील, संपलं. डिस्क बिघडेल हे माहीत नव्हतं. सहा महिन्यांच्या छटा जातील हे माहीत नव्हतं. बाबांनी तुला निष्काळजी म्हटलं, सगळ्यांसमोर, आणि मी तिथे उभी होते. तू तीन दिवस बसून डिस्क दुरुस्त केलीस आणि चौथ्या दिवशी गेलास. बाबांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. हेव्याने केलं आणि भीतीने लपवलं. दुसरं काही कारण नाही.

मशीन तयार झालं तर सोळा एप्रिलला, सकाळी दहा वाजता, मी ते लॅपटॉपला जोडून समोर बसेन. तू यावंस अशी माझी इच्छा आहे. नाही आलास तर मी समजेन, आणि बेचाळीस-बेचाळीस करून उतरवत राहीन.

ताई


८ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मागत नाही. पण हे तुला न सांगता मी राहूच शकत नाही.

झालं! नऊला लावलं, एकला शिजलं, खाली एकही तक्रार नाही. नुसती रिकामी ओळ आणि लुकलुकणारा ठिपका. मग तू सांगितलेला पिंगचा हुकूम लॅपटॉपवरून दिला. म्हणजे 'आहेस का?' असं विचारायचं. आणि मशीनने 'आहे' म्हटलं. मग पुन्हा 'आहे'. आहे, आहे, आहे. चौदा वर्षं एका खोलीत मुक्याने बसलेलं मशीन, धाकट्या! रेडिओवाल्या बाई आल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "माझी बायको एका हाकेला उत्तर देत नाही, हे बघा." शंभर हाका मारल्या, शंभर उत्तरं आली. एकही हरवलं नाही. मी ते थांबवायलाच तयार नव्हते, शेवटी बाईंनी हात धरला.

त्या फुकट वाटणाऱ्या लोकांना मी पत्र लिहिलंय. चूक सापडली तर कळवा म्हणाले होते ना, कळवलं. तुमच्या दोन फायलींची नावं आखूड करा, जुन्या मशीनवाल्यांचे हाल होतात. बाईंनी इंग्रजी करून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं! कुठल्याशा देशातला कोणी माणूस, त्याने लिहिलंय की पुढच्या आवृत्तीत नावं बदलतो आणि आभाराच्या यादीत तुमचं नाव घालतो, काय घालू? मी म्हटलं, 'ताई' एवढंच घाला. इंग्रजीत तीन अक्षरं, त्यापुढे जायचं नाही, पुन्हा कोणाची फाइल पुसली जाईल.

डिस्क कण्हतेय. सोळा तारखेपर्यंत धरेल असं वाटतंय. मी तिच्याशी बोलते.

ताई


१६ एप्रिल, दुपार

चि. धाकट्यास अनेक अनेक अनेक आशीर्वाद.

तू आत्ताच गेलास, म्हणजे पडद्यावरून. दोन तास आपण तारेतून बोललो आणि तरी मी पत्र लिहायला बसले आहे, कारण त्या मशीनवर मला एका ओळीला पाच मिनिटं लागतात आणि तुला उत्तर देता देता निम्मं राहून गेलं.

मी नऊलाच बसले होते. साडीही बदलली होती, का ते विचारू नकोस. दहा वाजले. काही नाही. दहा वाजून दहा मिनिटं झाली. काका दाराशी उभे राहून खोटंच म्हणत होते की तिकडचं घड्याळ मागे असेल. वीस मिनिटं झाली. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, लिहायचं ते लिहिलं, त्याने यायलाच हवं असं कुठे आहे. वही ओढली, पेन उघडलं. आणि मशीन टिंग वाजलं.

तुझं नाव आलं. आत आलेल्या माणसांत दोन नावं, एक माझं, एक तुझं. मग माझ्या पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि मी ती मोठ्याने वाचत गेले.

'ताई. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.'

मला कळेना. तू पुढे लिहिलंस, 'ते विजेवर चालायचं. वीज क्षणभर जरी गेली असती तरी त्यावरचे आकडे शून्य झाले असते. मी हात पुसत आत आलो तेव्हा ते बरोबर होतं. मला त्याच दिवशी कळलं.'

मी लिहिलं, 'मग बोलला का नाहीस'. प्रश्नचिन्ह सापडलं नाही.

'बाबांसमोर तुझं नाव घ्यायचं नव्हतं. वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. नाही सांगितलंस म्हणून राग आला, आणि रागाचा कधी हट्ट झाला ते कळलं नाही. चौदा वर्षं लावलीस ताई. तू या मशीनपेक्षा हळू आहेस.'

आणि मी हसायला लागले. रडायला हवं होतं, पण हसू आलं, आणि काका विचारत राहिले काय झालं, काय झालं, आणि मला सांगता येईना. लिहायला गेले तर 'हळू पण बरोबर' असं लिहायचं होतं ते 'हलु पण बर' असं गेलं. तू लिहिलंस, 'बर'.

मग तू कामाला लागलास. कुलूप उघडलंस, फायली लॅपटॉपकडे सोडल्यास. त्या हळूहळू येत होत्या, तारच तेवढी बारीक. मी मोजत होते. एकदा वाटेत डिस्क अडखळली, मग पुन्हा चालू झाली. पावणेबारा वाजता चार हजार तीनशे बारा. तुझ्याकडे चार हजार तीनशे बारा, माझ्याकडे चार हजार तीनशे बारा. काकांना या वेळी मोजायला दिलं नाही. अकराही माणसं आत आली होती, बाहेर टाक्या उकळत होत्या, कोणाला शुद्ध नव्हती. पिवळ्या रंगाची एक भट्टी जास्त शिजली. जाऊ दे, दोन नंबरची छटा म्हणून खपवू.

तू गेल्यावर मी लॅपटॉपवर ती फाइल उघडली. आजवर मला पडद्यावर फक्त ग्रॅम दिसायचे. आत आणखी काही आहे हे तू सांगितलं नव्हतंस. प्रत्येक छटेखाली एक ओळ आहे, मला न दिसणारी, तू स्वतःसाठी लिहिलेली.

तीनशे सात नंबर. 'मशीनने काढलेला आकडा चुकला. ताई म्हणाली निळा चिमूटभर कमी. ताई बरोबर.'

अकराशे बावन्न. 'ताईने खिडकीत नेऊन बघितला. तांबडा वाढवला. ताई बरोबर.'

दोन हजार चाळीस. 'मी वाद घातला. ताई बरोबर.'

मी वाचत गेले. सगळ्या नाही वाचल्या अजून, पण शोधायचा हुकूम मला येतो आता. 'ताई बरोबर' हे दोन शब्द किती वेळा आहेत ते विचारलं. दोन हजार सहाशे अठ्ठ्याण्णव वेळा. मी समजत होते की तू मला बाजूला सारायला मशीन आणलंस. तू माझी नजरच त्याच्यात घालत होतास, एकेक छटा, आणि मी ते तुझ्या पाठीमागे बंद केलं.

शेवटची छटा तू गेलास त्या दिवशीची आहे. गडद लाल, मी केलेली, ती मला आठवते. आपण तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो. तिच्याखाली लिहिलंयस, 'ताईला विचारता आलं नाही. लांबून बघितला. ताई बरोबर.'

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काका आत आले, तर मी म्हटलं, अमोनियाचा वास चढलाय. ते म्हणाले, "आज अमोनिया काढलाच नाही ताई," आणि शेजारी बसून राहिले.

मी शुक्रवारी निघतेय. मी नसेन तेवढे दिवस भट्ट्या काका बघतील, रंग बघायला कोणी नसेल, म्हणून फक्त काळा करा असं सांगितलंय. तुझ्या बायकोला सांग, वन्सं येतायत आणि चार दिवस हलणार नाहीत. तो गडद लाल मी पुन्हा काढलाय, एक लडी घेऊन येतेय. तुझ्या घरच्या उजेडात, जवळून बघ, आणि मग सांग बरोबर आहे का.

तुझी,
ताई